नाव नंतर, माप आधी: जुनी रेसिंग फ्रेम घेताना मी काय पाहतो

व्हिडिओमध्ये मी जुन्या फ्रेमची मापं कशी घ्यायची ते दाखवलं. पण वेळेअभावी एक गोष्ट बोलायची राहून गेली आणि ती मापांपेक्षा महत्त्वाची आहे. ती इथे सविस्तर लिहितो. पटलं तर घ्या, नाही पटलं तरी एकदा पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात आपल्या बॅचमधला एक मुलगा दुकानात आला. आयटीआय वेल्डर, हात चांगला, स्वतःचं काहीतरी सुरू करायची धडपड. खांद्यावर एक फ्रेम. भंगारवाल्याकडून १,८०० रुपयांना उचललेली. ड्रॉप हँडलच्या रेसिंग सायकलची, बारीक नळ्यांची, वजनाला हलकी. रंग तीनदा मारलेला, नाव कुठेच नाही. म्हणाला, "सर, पुण्याचा एक जण फोटो पाहून म्हणते की इटलीची असंल तर नुसत्या फ्रेमचे बारा हजार देतो. स्टिकर बनवून भेटतात. लावून देऊ का?"

प्रश्न साधा वाटतो. १,८०० चे १२,००० होत असतील तर कोणाला नको? पण मी त्याला म्हटलं, आधी फ्रेम टेबलावर ठेव, व्हर्नियर घे, मग बोलू.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जुन्या वस्तूच्या धंद्यात आपण नाव विकत नाही, आपण खात्री विकतो. जेवढं सिद्ध करता येतं तेवढ्याचेच पैसे घ्यायचे. आणि जिथे सिद्ध होत नाही तिथे "नाव माहीत नाही" असं लिहून विकायचं. असं लिहूनही माल विकला जातो, हे मी अनुभवानं सांगतो.

आपण यवतमाळ जिल्ह्यातली माणसं. कापूस आपल्याला नवा नाही. जिनिंगवर गाडी गेली की व्यापारी आधी बोंडातला कापूस हातात घेतो, ओलावा मोजतो, मग भाव बोलतो. सीसीआयच्या खरेदीतसुद्धा ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्याच्या वर १२ टक्क्यांपर्यंत कपात, आणि त्याच्यापुढे माल परत. शेतकरी कोणत्या गावचा, बियाणं कोणत्या कंपनीचं, हे तिथे कोणी विचारत नाही. फ्रेमचंही तेच करा. आधी ओलावा, मग भाव.

रॅले म्हणजे इंग्लंडच, असं नाही

आपल्याकडे जुन्या सायकलीचा विषय निघाला की पहिला शब्द येतो "इंग्लंडची". आजोबांची रॅले, मामांची हंबर. पण थोडा इतिहास माहीत असला तर फसगत टळते.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशात सायकलीचे मोठे कारखाने उभे राहिले. पश्चिम बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले कंपनी होती. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेबरोबर भागीदारी करून तिनं १९५० च्या दशकात इथेच सायकली बनवायला सुरुवात केली. रॅलेच नव्हे, हंबर आणि रज ही नावंसुद्धा तिच्या सायकलींवर होती. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, हर्क्युलस आणि बीएसए ही तिची नावं. सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियानात हीरो १९५६ मध्ये. आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. पुढे हिंद आणि सेन-रॅले दोन्ही कंपन्या अडचणीत आल्या आणि १९८० मध्ये संसदेनं कायदा करून त्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. ॲटलसचा शेवटचा मोठा कारखानाही २०२० मध्ये बंद पडला.

म्हणजे काय? तुमच्या हातात रॅलेचा बिल्ला असलेली सायकल आली तर ती नॉटिंगहॅमची असू शकते, तशी आसनसोलचीही असू शकते. आणि आसनसोलची असली म्हणून ती हलकी होत नाही! ती आपल्या देशाच्या कारखान्याची आठवण आहे. तिचं स्वतःचं गिऱ्हाईक आहे. फक्त तिला इंग्लंडची म्हणून विकलं की ती खोटी होते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझीच चूक आहे. दुकान सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी मी एक बिल्लावाली रॅले "इंग्लंडची" म्हणून नागपूरच्या एका काकांना विकली. मला कोणी फसवलं नव्हतं. मीच तपासलं नव्हतं. काकांनी घरी नेऊन रंग खरवडला, तर सीट ट्यूबवर जुन्या ट्रान्सफरमध्ये भारतीय कंपनीचं नाव निघालं. ते भांडले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "तुम्ही कशावरून सांगितलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत केले, गाडीभाडंही दिलं. पण ते काका परत कधी दुकानात आले नाहीत आणि त्यांनी कोणाला पाठवलंही नाही. परत दिलेल्या रकमेपेक्षा ते नुकसान मोठं होतं.

तेव्हापासून "कशावरून?" हा प्रश्न मी गिऱ्हाईकाच्या आधी स्वतःला विचारतो.

फ्रेम स्वतः काय बोलते

आता त्या मुलाच्या फ्रेमकडे येऊ. आम्ही जे केलं ते क्रमानं सांगतो. तुम्हाला एक व्हर्नियर, एक स्टीलची पट्टी, एक लोहचुंबक, एक दोरा आणि चाळीस मिनिटं लागतील.

पहिलं काम, फोटो. रंग काढायच्या आधी. घाई करून पेंट रिमूव्हर ओतणारे आपलाच पुरावा पुसतात. रंगाचे थर, जुन्या अक्षरांच्या सावल्या, हेड ट्यूबवर बिल्ल्याच्या रिव्हेटची दोन भोकं, त्यांच्यातलं अंतर, केबलचे क्लिप वेल्ड केलेले की पट्टीचे, सगळं टिपून ठेवा. जुन्या सायकलीला कधी कधी नगरपालिकेच्या सायकल कराचा बिल्लाही लटकलेला सापडतो. त्यावरचं वर्ष निदान एवढं सांगतं की तेव्हा ही सायकल कुठे रस्त्यावर होती. तो फेकू नका.

दुसरं, नंबर. बॉटम ब्रॅकेटच्या खाली, सीट लगवर, मागच्या ड्रॉपआउटवर बघा. रंगाखाली असला तर कागद ठेवून पेन्सिल घासा, उठतो. नंबर मिळाला म्हणजे कंपनी कळलीच असं नाही. पण तो लिहून ठेवणं दुसऱ्या कारणासाठी गरजेचं आहे, ते पुढे सांगतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉटम ब्रॅकेटची वाटी. इथे फ्रेम खोटं बोलू शकत नाही. शेलची रुंदी मोजा आणि आटे बघा.

इंग्लिश मापात शेल ६८ मिमी, इंचाला २४ आटे, आणि चेनच्या बाजूची म्हणजे उजवी वाटी उलट्या आट्याची. इटालियन मापात शेल ७० मिमी, व्यास ३६ मिमी, आणि दोन्ही बाजू सरळ आट्याच्या. फ्रेंचमध्ये शेल ६८, व्यास ३५ मिमी, १ मिमीचा आटा, दोन्ही बाजू सरळ. आणि नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेचा स्वतःचा वेगळाच हिशेब, इंचाला २६ आटे आणि शेल ७१ किंवा ७६ मिमी.

बघा, किती कामाची गोष्ट आहे. समोरचा "इटालियन" म्हणतो आणि वाटी उलट्या आट्याची निघते, तर तुमचा सावध व्हायचा हक्क आहे. उलटही लक्षात ठेवा: इंग्लिश आटे जपान, भारत, इंग्लंड सगळीकडे चालले, त्यामुळे इंग्लिश आटे म्हणजे इंग्लंड असं होत नाही. माप एखादी शक्यता खोडू शकतं, पण एकटं माप नाव देत नाही.

आणि हो, आटे न बघता बाजारातली नेहमीची वाटी पाना लावून ठोकू नका. फ्रेंच किंवा इटालियन शेलमध्ये जबरदस्ती केली की आटे गेले, आणि आटे गेले की फ्रेम भंगारात.

चौथं, मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतर. १२० मिमी म्हणजे पाच गिअरचा जमाना किंवा ट्रॅकची फ्रेम. १२६ म्हणजे सहा-सात गिअर, साधारण ऐंशीचं दशक. १३० म्हणजे त्यानंतरची. इथे एक सूचना: लोखंडी फ्रेम कोणी आधीच फाकवलेली असू शकते, म्हणून हा पुरावा एकटा धरू नका.

पाचवं, सीट पोस्टचं माप. २७.२ मिमी बसत असेल तर नळी पातळ आणि दर्जेदार असण्याची शक्यता जास्त. २५-२६ च्या आसपास असेल तर नळी जाड, साधी. रेनॉल्ड्स ५३१ ही इंग्लंडची प्रसिद्ध नळी १९३५ पासून आहे. तिचा स्टिकर कोणीही चिकटवू शकतो, पण आतला व्यास कोणी चिकटवू शकत नाही.

सहावं, चाकाची जागा. आपल्या डबल बार सायकलीचं २८ इंची चाक ६३५ मिमीच्या रिमचं. जुन्या रेसिंगला २७ इंची म्हणजे ६३० मिमी. आजचं ७००सी म्हणजे ६२२. ब्रेकचं भोक आणि रिम यांतलं अंतर मोजलं की फ्रेम कोणत्या चाकासाठी बनली ते कळतं. ६३० च्या जागी ६२२ घातलं तर ब्रेकचा शू ४ मिमी खाली आणावा लागतो. तो येतो का ते आधीच बघा.

सातवं, सोबत जुने पार्ट आले असतील तर त्यांची तारीख. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर वर्षाचे दोन आकडे कोरलेले असतात. शिमानोच्या त्या काळच्या पार्टवर मागे दोन अक्षरं असतात. पहिलं वर्षाचं, ए म्हणजे १९७६ आणि तिथून पुढे. दुसरं महिन्याचं. एचसी असेल तर मार्च १९८३. पण हे पार्टचं वय झालं, फ्रेमचं नव्हे. चाक बदललेलं असू शकतं.

शेवटचं, जीव. दोरा एका मागच्या ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं हवं. लगच्या कडेला, चिमट्याच्या मुळाशी, वाटीच्या खाली केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघा. चीर असली तर नाव काहीही असो, ती फ्रेम रस्त्यावर नको. घाट उतरताना चिमटा तुटला तर गिऱ्हाईकाचे दात जातात. तिथे विंटेज हा शब्द कामाला येत नाही.

मग निघालं काय?

त्या मुलाच्या फ्रेमचं: शेल ६८ मिमी, उजवी वाटी उलट्या आट्याची. मागे १२६ मिमी. सीट पोस्ट २६.२. लग साधे, कोरीव काम नाही. ड्रॉपआउटवर कोणाचा शिक्का नाही. नंबर पाच आकडी, त्यातून काही ठरत नाही. दोरा सरळ, चीर नाही.

निष्कर्ष: बहुधा ऐंशीच्या दशकातली, मध्यम दर्जाची, लोखंडी स्पोर्ट्स फ्रेम. इटालियन असल्याचा एकही पुरावा नाही. कंपनी अज्ञात.

पोराचं तोंड उतरलं. साहजिक आहे. बारा हजार डोळ्यांसमोर होते. तो म्हणाला, "पण सर, त्याला कुठं कळते?"

मित्रांनो, या वाक्यावर सगळा धंदा उभा राहतो किंवा पडतो.

पहिली गोष्ट, कळतं. जो माणूस जुन्या फ्रेमला बारा हजार द्यायला तयार आहे, तो व्हर्नियर घेऊनच बसलेला असतो. इटलीत १९९७ पासून लेरोइका नावाची राइड भरते. तिथे १९८७ किंवा त्याआधीच्या सायकलीच चालतात. अशा छंदाची माणसं जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालय उभं केलंय. दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकल तिथे बघायला मिळते. शक्य असेल तर एकदा जाऊन या. ओळख पटलेली वस्तू आणि नुसती जुनी वस्तू यांतला फरक तिथे कळतो.

दुसरी गोष्ट, कायदा. दुसऱ्या कंपनीचं नाव खोटं लावून माल विकणं हा ट्रेड मार्क कायदा १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. वर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहेच. आणि तो फ्रेम नंबर आठवतो? भंगारातून घेतलेली सायकल चोरीची निघाली आणि ते तुम्हाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं असं दिसलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ तुम्हाला लागू शकतं. म्हणून विकणाऱ्याचं नाव, फोन, तारीख, किंमत आणि फ्रेम नंबर एका कागदावर लिहून सही घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, तुमचं दुकान कुठे आहे? दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी. इथे बाजारात एकदा नाव खराब झालं की सकाळची बातमी संध्याकाळी आठवडी बाजारात पोचलेली असते.

"पण गिऱ्हाईकाला तर नावच पाहिजे"

हा आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो अगदी चुकीचा नाही. नावाला भाव आहे, हे मीही मानतो. सिद्ध झालेल्या चांगल्या फ्रेमला अज्ञात फ्रेमच्या कितीतरी पट किंमत मिळते. म्हणूनच तर शोध घ्यायचा. पण शोधाला मर्यादा घाला. मी दोन तास देतो. चाळीस मिनिटं मापं, बाकी वेळ जुने कॅटलॉग आणि जाणकारांना फोटो पाठवणं. दोन तासांत नाव निघालं तर उत्तम. नाही निघालं तर फ्रेम कामाला लावायची. मी अशी मुलं पाहिलीत जी सहा महिने एका फ्रेमचं नाव शोधत बसली आणि दुकानाचं भाडं अंगावर आलं. तो छंद झाला, धंदा नाही.

दुसरा आक्षेप, "एवढं खरं बोललं तर कमावणार काय?" चला, हिशेबच मांडतो. त्या फ्रेमची आम्ही एक गिअरची शहरी सायकल केली.

फ्रेम १,८००. रंग काढून पावडर कोटिंग १,५००. चाकांची जोडी ३,२००. बीबी आणि क्रँक १,८००. ब्रेक, लिव्हर, केबल १,४००. हँडल, स्टेम, सीट १,६००. टायर-ट्यूब १,४००. चेन आणि फ्रीव्हील ७००. मजुरी १२ तास, तासाला १५० प्रमाणे १,८००. एकूण १५,२००.

मागे जागा १२६ ची आणि हब १२० चा, म्हणून दोन्ही बाजूंना ३-३ मिमीचे वॉशर टाकले. आधी मोजलं होतं म्हणून हब परत करायला पळावं लागलं नाही.

विकली १८,५०० ला. नफा ३,३००, मजुरी धरून हातात ५,१००. घेणारा यवतमाळचाच, कॉलेजात शिकवतो. सायकलीसोबत आम्ही एक पान दिलं: सगळी मापं, फ्रेम नंबर, आधीचे फोटो, कोणता पार्ट नवा कोणता जुना, आणि ठळक अक्षरात "कंपनी: अज्ञात, अंदाजे १९८० चे दशक". त्यानं ते पान वाचलं आणि एकही रुपया कमी करायला सांगितलं नाही. उलट म्हणाला, पुढे सर्व्हिसला याच पानावर लिहीत चला.

आता खोट्या स्टिकरचा हिशेब. १,८०० ची फ्रेम, स्टिकर-रंग धरून ३,५०० पडली असती, १२,००० आले असते. नफा ८,५००, तो दिसायला मोठा आहे, मी नाकारत नाही. पण तो माल परत आला की १२,००० जातात, कुरिअर जातं, आणि त्या माणसाच्या ओळखीतली सगळी गिऱ्हाईकं जातात. शिवाय पुढची फ्रेम खरंच इटालियन निघाली, तर ती तुमच्याकडून घेणार कोण? खऱ्या मालाचा भाव मिळवायचा असेल तर आधीचा प्रत्येक अज्ञात माल अज्ञात म्हणूनच विकलेला असला पाहिजे. "माहीत नाही" म्हणणाऱ्याच्याच "माहीत आहे" ला किंमत असते.

ही गोष्ट सायकलपुरती नाही. तुम्ही जुनी शिलाई मशीन घेत असाल, मोटरपंप रिवाइंड करून विकत असाल, जुनं फर्निचर "सागवान" म्हणून घेत असाल, सगळीकडे हेच. आधी मोजा, मग लिहा, मग भाव बोला.

या आठवड्याचं काम सांगतो. तुमच्या दुकानात किंवा घरी जी एक जुनी वस्तू विकायला पडली आहे, तिचं एक पान तयार करा. तीन रकाने: काय सिद्ध आहे, काय अंदाज आहे, काय माहीत नाही. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. आणि मग ते पान गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची हिंमत होते का बघा.

तो मुलगा परवा परत आला होता. खांद्यावर आणखी एक फ्रेम. या वेळी स्टिकरचं काही बोलला नाही. म्हणाला, "सर, शेल सत्तरचा आहे, दोन्ही वाट्या सरळ आट्याच्या. आता काय बघू?"

मी त्याला खुर्ची दिली. चला, भेटू पुढच्या व्हिडिओत.